मधाखालची राणी

सकाळी तिने संग्रहालयाच्या दालनात पाऊल टाकलं आणि राणी जागेवर नव्हती. भिंत तीच, चौकट तीच, चौकटीच्या कोपऱ्यातला सोन्याचा उडालेला टवकाही तोच; पण आत दुसरीच कुणी बाई येऊन बसली होती. गार रंगाची. डोळ्यांखाली निळसर सावली, नाकाच्या शेंड्यावर किंचित लाली, जशी थंडीत फार वेळ ताटकळलेल्या माणसाच्या नाकावर येते. पाठीमागे आजवर नुसता अंधार होता, तिथे हिरवा पडदा निघाला होता आणि त्याच्या चुण्या अगदी कालच कुणी हाताने घातल्यासारख्या दिसत होत्या. तिला आधी वाटलं, आपण शेजारच्या दालनात शिरलो. मग वाटलं, ओळखीच्या घरी जावं, दार उघडावं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाने आपल्याला नावाने हाक मारूनही आपल्याला तो कोण हे कळू नये, तसं काहीतरी झालंय. राणीचं चित्र साफसफाईसाठी काढून नेलं होतं हे तिला ठाऊक होतं. साफसफाई म्हणजे धूळ झटकतील, फार तर काच पुसतील, असं तिने धरलं होतं. ती स्वतः चित्रकार होती, कलाशाळेत शिकवत होती, आणि तरीही तिने तसंच धरलं होतं.

"कशी वाटते?" मागून आवाज आला. चित्रांचे डॉक्टर. पांढरा कोट, कपाळावर चढवलेलं भिंग आणि हातात कापसाच्या बोळ्यांनी भरलेली काचेची वाटी. संग्रहालयात सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत आणि त्यांनाही ते मनापासून आवडत असे.

"तुम्ही तिला धुऊन काढलंत," ती म्हणाली.

"धुतली नाही हो बाई, सोडवली." त्यांनी वाटी पुढे केली. बोळे गडद पिवळे, काही तपकिरी, काही जवळजवळ काळे. "पिवळं पडलेलं वॉर्निश. त्यावर दिव्यांची काजळी, त्यावर पुन्हा कुणीतरी मारलेलं वॉर्निश, त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे श्वास. तुम्ही मागे मला म्हणाला होतात ना, हिच्या कातडीत मध आहे? हा घ्या तुमचा मध."

ती हसली, कारण ते हसण्यासाठीच बोलले होते. पण नजर बोळ्यांवरून हलली नाही. वॉर्निश पिवळं पडतं हे दर वर्षी पहिल्याच महिन्यात ती मुलांना सांगत असे. फळ्यावर थर काढून दाखवत असे: खाली कापड, मग सफेदा, मग रंग, आणि सगळ्यात वर वॉर्निश, जे चित्राचं नसतं, काळाचं असतं. जुनी चित्रं बघताना डोळ्याने आधी ते वॉर्निश सोलायचं आणि मग रंगाकडे बघायचं, हे तिचं आवडतं वाक्य होतं. आणि या एका चित्राच्या बाबतीत, जे तिने आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा पाहिलं होतं, तिने डोळ्याने काहीच सोललं नव्हतं. कारण हे चित्र तिने चित्रकार होण्याच्या फार आधी पाहिलं होतं, वडिलांच्या खांद्यावर बसून. तिचे वडील देवाच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथा गाऊन सांगत. लोक जमत, वडील उभे राहत, एक ओळ घेत, ती ओळ तिथेच सोडून कुठल्या कुठे निघून जात, रानात, युद्धात, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, आणि ऐकणाऱ्याला आता हे हरवले असं वाटायच्या आत परत त्याच ओळीवर येऊन उभे राहत. ओळ तीच असे, पण आता ती ऐकताना लोक डोळे पुसत. त्या वडिलांनी तिला खांद्यावर घेऊन या राणीपुढे उभं केलं होतं आणि हळूच, दालनात बोलायचं नसतं म्हणून जवळजवळ कानात, म्हटलं होतं, "बघ गं, माणूस आतून पेटलेलं असलं की असं दिसतं." तो प्रकाश तिने तेव्हाच डोळ्यांत भरून घेतला होता. पुढे रंगकाम शिकली ती एका अर्थी तो मधाचा रंग आपल्याला जमावा म्हणूनच. आणि तो रंग त्या चित्रकाराने लावलेलाच नव्हता. तो कापसाच्या बोळ्यावर होता.

हे सगळं नुसतं गमतीचं राहिलं असतं, घरी जाऊन नवऱ्याला सांगून त्याच्या हसण्यात सामील होण्यासारखं, पण घरी उत्तरेकडच्या खोलीत, इझलवर, कापडाखाली तिचं स्वतःचं चित्र उभं होतं. संग्रहालयानेच सांगितलं होतं: या राणीचं आजच्या काळातलं रूप काढा, तीच बैठक, तोच आकार, आणि आम्ही दोन्ही चित्रं शेजारी शेजारी टांगू. पुढच्या आठवड्यात टांगायचं होतं. तिने राणीच्या जागी वन्संना बसवलं होतं. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, बस डेपोत गाड्या सोडण्याचं काम करणारी, डेपोच्या मधोमध उंच उभ्या असलेल्या काचेच्या केबिनमध्ये आयुष्य काढलेली. चालक त्यांना मालकीण म्हणत. राणीच्या हातात राजदंड होता, तिथे वन्संच्या हातात माइकची दांडी होती. राणीच्या मागे अंधार होता, तिथे केबिनच्या काचेपलीकडे गाड्यांची टपं. आणि या सगळ्यावर तिने कित्येक आठवडे खपून मधाचे थर चढवले होते. जवसाच्या तेलात रंग इतका पातळ करायचा की तो रंग न राहता नुसती आठवण राहावी, तो लावायचा, वाळू द्यायचा, पुन्हा लावायचा. संग्रहालयाच्या संचालक बाई घरी येऊन बघून गेल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "दोघी सख्ख्या बहिणी वाटतात." फक्त वन्संनी अट घातली होती. बसायला तयार होतानाच घातली होती, कोटाची बटणं लावता लावता: "टांगा खुशाल. पण मला मी ओळखू आले तर. नाहीतर त्या भिंतीला कॅलेंडर लावा, निदान तारीख तरी कळेल." आणि मधाचे थर वाळल्यावर चित्रापुढे उभ्या राहून बराच वेळ बघून म्हणाल्या होत्या, "कावीळ झालीय का गं हिला?" तेव्हा ती पोट धरून हसली होती. वन्संचं बोलणंच तसं, असं म्हणून सोडून दिलं होतं.

आज त्यातलं हसू गेलं. घरी येऊन तिने कापड दूर केलं तेव्हा इझलवरची बाई खरोखरच आजारी दिसली. उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या स्थिर, खोटं न बोलणाऱ्या उजेडात ती पिवळी बाई शांतपणे, तृप्तपणे समोर बघत होती, आणि वन्संनी आयुष्यात कधीही तसं शांतपणे, तृप्तपणे कशाकडेही बघितलेलं नव्हतं. मग हा चेहरा आला कुठून? ती स्टुलावर बसली. खोलीला टर्पेंटाइनचा वास होता, तो तिला कधी येत नसे, आज आला. ही खोली मुळात वन्संची. ती लग्न होऊन या घरात आली, सोबत एक पेटी कपड्यांची आणि दोन रंगांच्या, आणि सासूबाई रंगांच्या पेट्यांकडे बघून गप्प झाल्या होत्या. त्या गप्प बसण्यात पुढच्या सगळ्या वर्षांचं चित्र तिला दिसलं होतं. तेव्हा वन्सं कामावरून आल्या, पेट्या बघितल्या, आपल्या खोलीत गेल्या आणि आपली गादी उचलून स्वयंपाकघरामागच्या बोळकांडीत नेऊन टाकली. "हिला उजेड लागेल," एवढंच म्हणाल्या. "मला उजेडात झोप येत नाही." ही गोष्ट ती सगळ्यांना सांगे. पाहुण्यांना, विद्यार्थ्यांना, एकदा तर एका मुलाखतीत. आणि आता, स्टुलावर बसल्या बसल्या, तिला आपलं ते सांगणं ऐकू आलं. पहिल्यांदा सांगितली तेव्हा वन्संनी नुसती गादी उचलली होती. मग कधीतरी त्या गादी उचलताना किंचित हसू लागल्या. मग "हिला उजेड लागेल" म्हणताना त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला, जो खरं तर कधीच आला नव्हता, वन्सं कुणाच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्यातल्या नव्हेत. दर वेळी एक पातळ थर. फसवायचं म्हणून काहीच नव्हतं, सगळं प्रेमाने लावलेलं होतं, आणि वाळत वाळत गोष्टीतली बाई मधाच्या रंगाची झाली होती.

मग आत कोण होतं? दुसऱ्या दिवशी ती डेपोत गेली. वन्संना न कळवता, गाड्या धुण्याच्या जागेपाशी उभी राहून, पाण्याचे शिंतोडे अंगावर घेत तिने वर केबिनकडे पाहिलं. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात वन्संचा चेहरा काचेमागे तरंगत होता. गालांचं मांस खाली आलेलं. तोंडाच्या दोन्ही बाजूंना खोल रेघा. लाउडस्पीकरमधून आवाज येत होता, "सातवरची गाडी, मागचं दार लागत नाहीये, ती पुढे घेऊ नका. घेऊ नका म्हटलं ना." मग माइक बंद झाला आणि वन्संनी दोन्ही हातांनी डोळे दाबले, बराच वेळ दाबून ठेवले. तिचा जीव गलबलला. इतकी वर्षं हे आपल्या घरात होतं आणि आपण त्यावर मध ओतत होतो. लग्न झालं नाही. खोली गेली. भावाचा संसार उभा राहिला, भावजयीची चित्रं टांगली गेली, आणि ही बाई बोळकांडीत झोपून पहाटे उठून दुसऱ्यांच्या गाड्या सोडत राहिली. वन्सं खंबीर आहेत असं आपण म्हणायचो, ते आपल्या सोयीचं होतं. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचं बरंही वाटलं. आता खरं सापडलं, असं वाटलं. घरी येऊन तिने कापसाचे बोळे घेतले, थर पुसायचे तेवढे पुसले, उरलेले सुरीने खरवडले. मग करडा घेतला, निळा घेतला, राणीच्या डोळ्यांखाली काल पाहिलेली ती गार सावली घेतली, आणि दिवसाउजेडी, जेवणही विसरून, वन्संचा चेहरा पुन्हा उभा केला. रंगवताना तिचे ओठ हलत होते. वडील दुःखाची कथा सांगताना जशी चाल धरीत, तशी हळू, खालच्या सुरातली चाल तिच्या हातात आली होती.

नवऱ्याने चित्र बघितलं आणि तो चहा ठेवायला गेला. वन्सं कामावरून आल्या, कोट न काढताच खोलीच्या दारात थांबल्या.

"हिचं कोण गेलं?" त्या म्हणाल्या.

"कुणी नाही, वन्सं."

"मग अशी का बसलीय? आधी कावीळ, आता सुतक. एक धड दिवस दे ना बिचारीला." त्या आत आल्या, चष्मा वर करून चित्राजवळ वाकल्या. "हे माझे डोळे?"

"आज तुम्ही केबिनमध्ये डोळे दाबून बसला होतात. मी बघितलं."

"चष्म्याचा नंबर वाढलाय. आणि तू काय, धुलाईपाशी उभी राहून हेरगिरी करत होतीस? धुलाईवाला म्हणाला मला, तुमची रंगारीण भिजलीय खाली, वर बोलवू का."

"वन्सं," ती म्हणाली, आणि मग थांबता आलं नाही, "तुम्ही मला तुमची खोली दिलीत. मी कधी विचारलंच नाही तुम्हाला. तुम्हाला काय वाटलं, तुम्हाला काय हवं होतं, कुणीच विचारलं नाही. मी नुसती सगळ्यांना गोष्ट सांगत फिरले."

वन्संनी कोट काढला, स्टुलावर टाकला, आणि त्यांना बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून पुन्हा उचलून मांडीवर घेऊन बसल्या. "आता विचारतेस?"

"हो."

"मग ऐक. तुझ्या या खिडकीतून वारा यायचा. बारा महिने माझा कान ठणकायचा. आईला सांगितलं की आई म्हणायची, लग्न कर, म्हणजे खोली बदलेल. बोळकांडीला मागचं दार आहे. पहाटे उठायचं, दार ओढून घ्यायचं, कुणाला कळत नाही की ही गेली. रात्री कधी आली तेही कळत नाही. तू आलीस, आईचं सगळं लक्ष तुझ्यावर गेलं, तुझ्या रंगांवर, तुझ्या उशिरा उठण्यावर. माझ्या लग्नाचं नावच निघेना. तुला खोली दिली म्हणजे मी सुटले गं. तुझ्यावर उपकार केले असं तू सांगत सुटलीस, मी म्हटलं सांगू दे, आपलं काय जातं."

स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज थांबला होता. नवराही ऐकत असावा.

"मला ते काम आवडतं," वन्सं म्हणाल्या. आवाज जरा खाली आला. "सकाळी शंभर माणसं, शंभर तऱ्हा, कुणाची गाडी बंद, कुणाची बायको आजारी, कुणी प्यायलेला. आणि सगळ्या गाड्या वेळेवर सुटतात. सुटतात म्हणजे काय, मी सोडते. तू आधी मला देवी केलंस, आता बिचारी करतेस. मधे कुठे माणूस लागतं का बघ जरा." मग उठून कोट झटकला आणि दारातून म्हणाल्या, "आणि माझी अट आहे लक्षात. हिला मी ओळखत नाही."

खरवडायची सुरी हातात घेऊन ती रिकाम्या स्टुलावर बसली. करड्या रंगाकडे बघताना तिला स्पष्ट दिसलं की हेही वॉर्निशच आहे. मध नाही, धूर. पण वरून लावलेलं, आपल्याच बाटलीतलं. आणि आता दिवस थोडे राहिले होते. संचालक बाईंनी निरोप ठेवला होता की जुन्या राणीची नवी कांती बघून तुम्हीही काही बदल करणार का, की आहे तेच घ्यायचं; आहे ते, म्हणजे त्यांना आवडलेलं मधाचं चित्र, आता जगात नव्हतंच. नाही म्हणून सांगणं सोपं होतं. भिंत रिकामी राहिली असती, किंवा कॅलेंडर. पण ज्या बाईने कान ठणकतो म्हणून खोली सोडली, आणि पुढे जन्मभर त्याचं श्रेय नाकारलं नाही आणि मागितलंही नाही, तिला आपण एकदाही नीट बघू शकत नाही, हे घेऊन त्या उत्तरेच्या उजेडात रोज बसायचं कसं? मनात तिने हात जोडले. देवाकडे तिने रंग कधी मागितला नव्हता. आज मागितला तोही रंग नव्हता. डोळा स्वच्छ कर, एवढंच.

ती पुन्हा राणीकडे गेली. या वेळी वाटीतल्या बोळ्यांचा राग घरी ठेवून. दालनात सकाळचा सपाट उजेड होता. तिने खुर्ची मागून घेतली आणि नुसती बसली, आणि राणीत काही शोधायचं नाही असं ठरवलं. पहिला बराच वेळ ती पांढरी, गार बाई नुसती रंग होती. मग हळूहळू बारकावे दिसू लागले. गालावर पावडर होती, तिच्या कडा कानाजवळ संपलेल्या दिसत होत्या, म्हणजे ती फिकट कातडी दुःखाची नव्हती, डबीतली होती. नाकाची लाली खरी होती. तोंडाचा डावा कोपरा, जो मधाखाली नुसता गोड वाटायचा, तो आता घट्ट धरलेला दिसत होता, जसा जांभई दाबताना धरतात. त्या चित्रकाराने ते पाहिलं होतं. राजवाड्यात, पगारी नोकर, समोर साक्षात राणी, आणि त्याने जांभई दाबलेली बघितली आणि ती तशीच ठेवली.

"खाली बघितलंत का?" डॉक्टर येऊन तिच्याशेजारी उकिडवे बसले. त्यांच्या आवाजात लहान मुलाने लपवलेला खाऊ दाखवावा तसं काहीतरी होतं. "घेराच्या कडेला. इथे पूर्वी नुसता अंधार होता."

तिने बघितलं. राणीच्या झग्याच्या कडेखाली एक जोडा होता. रिकामा. किंचित आडवा पडलेला. आणि त्याच्या मागे, सावलीत, मोज्यातलं पाऊल दुसऱ्या पावलावर टेकलेलं होतं, बोटं आखडून घेतलेली.

"जोडा काढून बसलीय," ती म्हणाली.

"काढून बसलीय. पाय दुखले असणार, बसवून ठेवलं असेल त्याने तासन् तास. काय हिंमत बघा त्या माणसाची. राणीच्या जोड्याबाहेरचा पाय."

"दरबारात कुणाला दिसला नसेल?"

"दिसला असणार हो बाई. म्हणून तर वॉर्निश मारणाऱ्याने त्या जागी दोन हात जास्त मारलेत. सगळ्यात जाड थर तिथेच होता." ते इतके खूश होते की भिंग कपाळावरून घसरून नाकावर आलं.

ती जोड्याकडे बघत राहिली. आत कुठेतरी फार जुनं काहीतरी उघडलं आणि त्यातून वडिलांचा आवाज आला नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं. तिथे शांतता होती, आणि त्या शांततेत एक चित्रकार, ज्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, एका थकलेल्या, कंटाळलेल्या, पाय दुखणाऱ्या बाईकडे इतक्या लोभाने, इतक्या आदराने बघत होता की त्याला तिला सुंदर करायची गरजच पडली नव्हती. वडील म्हणाले होते ते चुकीचं नव्हतं. फक्त पेटलेलं होतं ते राणीच्या कातडीत नव्हतं, बघणाऱ्यात होतं. तिला त्या माणसाला वाकून नमस्कार करावासा वाटला. केला नाही; डॉक्टर शेजारी होते. पण उठताना चौकटीच्या लाकडाला बोट लावून ते डोळ्यांना लावलं, आणि डॉक्टरांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

त्यानंतर तिने वन्संना बसवलंच नाही. भर कामाच्या दुपारी रंगांची पेटी आणि छोटा इझल घेऊन ती केबिनचा लोखंडी जिना चढली. केबिन तिने चित्रात जेवढी रंगवली होती त्याच्या निम्मी होती. दोन माणसं बसली की तिसऱ्याने श्वास घ्यायला बाहेर जावं अशी. "इथे?" वन्सं म्हणाल्या. "आत्ता? तीनची पाळी सुटतेय." "तुम्ही सोडा," ती म्हणाली, "मी माझं करते." वन्संनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि मग विसरून गेल्या. खरोखर विसरल्या, हे तिला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. खांदे खाली आले. खाली गाड्या रांगेने गुरगुरत होत्या. एक चालक खिडकीतून मान वर करून ओरडला, "मालकीण, राणी झालात म्हणे. मग आम्ही कोण?"

वन्संनी माइक उघडला. साऱ्या डेपोत आवाज गेला, "तुम्ही घोडे. चला, निघा."

डेपो हसला. वन्सं हसल्या नाहीत. पण खालचा ओठ आत गेला, डावी भुवई किंचित वर राहिली, आणि डोळ्यांत, नंबर वाढलेल्या, लाल शिरांच्या डोळ्यांत, आपला बाण बरोबर लागला की नाही हे तपासणारी एक तीक्ष्ण, चोरटी नजर खालच्या गर्दीवरून फिरून आली. तिने कुंचला उचललाही नाही. बघितलं फक्त. दहा वेळा, वीस वेळा, गाडी सुटे, वन्सं काहीतरी बोलत, आणि ती नजर येई आणि जाई, आणि मधल्या वेळी चेहरा रिकामा, थकलेला, गालांचं मांस खाली आलेला, आणि पुन्हा ती नजर. थकवा खरा होता. मजाही खरी होती. दोन्ही एकाच कातडीखाली, एकमेकांना न विचारता राहत होती, जशी दोन माणसं एका घरात राहतात. मग तिने रंग काढला. ट्यूबलाइटचा पांढरा, खिडकीबाहेरच्या धुराचा तांबूस, कातडीचा जसा होता तसा, ज्याला कुठल्याच बाटलीवर नाव नव्हतं. पातळ थर लावले नाहीत. जाड, ओला, एकदाच. संध्याकाळची पाळी लागली तेव्हा तिने कुंचले पुसले आणि वन्संना दाखवलं नाही. वन्संनीही मागितलं नाही. त्या एका चालकाला समजावत होत्या की गाडीचा हॉर्न बिघडलाय म्हणून शिट्टी मारत जाता येत नाही. घरी मोठ्या चित्रावर तिने तो चेहरा दोन दिवसांत उतरवला. त्यावर वॉर्निश लावायचं की नाही याचा विचार केला, आणि ते काम काळावर सोडलं.

टांगण्याच्या दिवशी दालनात फार लोक नव्हते. संचालक बाई, डॉक्टर, दोन-तीन वर्तमानपत्रवाले, नवरा. संचालक बाई नव्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी बघितलं होतं ते निराळं होतं." "हो," ती म्हणाली. "ते जास्त सुंदर होतं," बाई म्हणाल्या. "हो," ती पुन्हा म्हणाली. काढायला सांगतील असं वाटलं. त्यांनी सांगितलं नाही, पण टांगून ठेवा असंही म्हणाल्या नाहीत. आता ते कुणाच्याच हातात नव्हतं. अट वन्संची होती.

वन्सं उशिरा आल्या, पाळी संपवून, त्याच कोटात. दारातच जुन्या राणीपाशी अडकल्या. "ही ती?" म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी लगेच वाकून जोडा दाखवला, तेव्हा इतक्या वाकल्या की कोटाच्या खिशातून किल्ल्या खाली पडल्या. "शहाणी आहे," त्या राणीबद्दल म्हणाल्या. किल्ल्या उचलल्या. मग वळल्या.

ती भिंतीला टेकून उभी होती. तिने चित्राकडे बघितलं नाही, वन्संकडे बघितलं. वन्सं चित्रापासून चार हातांवर थांबल्या. चष्मा वर केला नाही. ज्या बाईने कावीळ म्हटलं, सुतक म्हटलं, तिच्या तोंडून काहीच आलं नाही. दालनात कुणीतरी खोकलं. चित्रातल्या वन्संच्या कानामागून केसांची एक बट सुटून गालावर आलेली होती. त्या दुपारी ती तशीच होती, तिने ती तशीच ठेवली होती, विचार न करता. वन्सं त्या बटेकडे बघत होत्या. कपाळाला आठी पडली, जराशी नाराजीची, जशी बाहेर पडताना दाराशेजारच्या आरशापुढे पडते. आणि मग, डोळे चित्रावरून न हलवता, त्यांनी हात वर नेला, आपल्या गालावरून बोट फिरवलं, आणि आपली बट कानामागे सारली.